अमेरिकेतल्या जुन्या बार्नचे फोटो आजही ब्लॅक अँड व्हाइटमध्ये का काढतात?

अमेरिकेच्या वायोमिंग राज्यातलं ग्रँड टीटन नॅशनल पार्क. उन्हाळ्यात इथे सूर्य उगवायच्या आधीच ‘मॉर्मन रो’ नावाच्या जुन्या वस्तीजवळ गाड्या येऊन थांबतात. माणसं उतरतात, अंधारातच ट्रायपॉड लावतात आणि गारठ्यात हात चोळत उभी राहतात. समोर टीटन पर्वताची उंच शिखरं आहेत. पण कॅमेरे रोखलेले असतात ते शिखरांच्या पुढ्यात उभ्या असलेल्या एका लाकडी इमारतीवर. मधे उंच छप्पर, दोन्ही बाजूंना उतरत्या पडव्या आणि ऊनपावसानं रापलेलं लाकूड.

हा टी. ए. मोल्टन बार्न. थॉमस अल्मा मोल्टन या शेतकऱ्यानं १९१२ च्या सुमारास तो बांधायला घेतला आणि पुढची जवळपास ३० वर्षं त्यात भर पडत गेली. मोल्टन यांचं राहतं घर आज तिथे नाही. उरलाय तो फक्त जनावरांचा आणि गवताचा हा निवारा. अमेरिकेत सगळ्यात जास्त फोटो काढला जाणारा बार्न अशी त्याची ख्याती आहे.

इन्स्टाग्रामवर जुने बार्न शोधून पाहा. त्यातले कितीतरी फोटो ब्लॅक अँड व्हाइट असतात. आज कोट्यवधी रंग टिपणारा कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे. तरीही फोटोग्राफर रंग काढून का टाकतात? ‘जुनी इमारत, म्हणून जुना लूक’ हे त्याचं सोपं उत्तर. पण खरं उत्तर लाकडात, उजेडात आणि अमेरिकन सरकारच्या एका संग्रहात दडलंय.

बार्न म्हणजे नेमकं काय?

‘बार्न’ला मराठीत एक नेमका शब्द नाही, कारण आपल्याकडे ही कामं वेगवेगळ्या जागी चालतात. गुरं गोठ्यात, धान्य कोठारात, मळणी खळ्यावर आणि गवत गंजीत. अमेरिकेतल्या शेतकऱ्यानं हे सगळं एका छपराखाली आणलं. उत्तरेकडच्या राज्यांत हिवाळ्याचे कित्येक महिने बर्फ असतो. तेवढे दिवस जनावरं आत ठेवायची आणि त्यांचा चाराही आतच साठवायचा, तर इमारत मोठीच लागणार.

म्हणून बार्नमध्ये खाली घोडे आणि गायी असायच्या आणि वर प्रचंड मोठा माळा. त्या माळ्यावर सुटं गवत भरलं जायचं. अनेक बार्नचं छप्पर दोन टप्प्यांत वळलेलं दिसतं, वर कमी उताराचं आणि खाली जास्त उताराचं. ती नक्षी नव्हती. साध्या दोन पाख्यांच्या छपरापेक्षा या आकारात माळ्यावर जास्त गवत मावायचं.

जुन्या बार्नचा सांगाडाही बघण्यासारखा असतो. एका तुळईत खाच पाडायची, दुसरीचं टोक त्यात घट्ट बसवायचं आणि वरून लाकडी खुंटी ठोकायची. सांगाडा उभा करायला शेजारपाजारची सगळी माणसं एकत्र यायची. पेन्सिल्वेनियात, न्यूयॉर्कमध्ये, ओहायोत असे शंभर-दीडशे वर्षांचे बार्न आजही दिसतात. पण ते झपाट्यानं कमी होतायत.

बार्न रिकामे का पडले?

सगळ्यात आधी घोडे गेले. ट्रॅक्टर आला तशी घोड्यांच्या ठाणांची गरज संपली. मग गवत बांधणारी यंत्रं आली. सुटं गवत माळ्यावर चढवण्याऐवजी त्याचे घट्ट गठ्ठे बांधले जाऊ लागले. पुढे तर मोठाले गोल गठ्ठे प्लास्टिकमध्ये गुंडाळून शेतातच ठेवायची पद्धत रुळली. म्हणजे ज्या माळ्यासाठी एवढी उंच इमारत बांधली, तो माळाच बिनकामाचा झाला. त्यात नवी यंत्रं एवढी अवाढव्य की ती जुन्या बार्नच्या दारातून आत जात नाहीत. शेतकऱ्यानं शेजारी पत्र्याची शेड टाकली आणि बार्नकडे पाठ फिरवली.

शेतांची संख्याही घटली. १९३५ मध्ये अमेरिकेत सुमारे ६८ लाख शेतं होती. २०२२ च्या कृषी गणनेत हा आकडा १९ लाखांवर आला. छोटी शेतं विकली गेली आणि मोठ्या शेतांत सामावली गेली. जमीन नव्या मालकाकडे गेली, पण त्या जमिनीवरचा जुना बार्न त्याच्या उपयोगाचा नव्हता.

२००७ च्या कृषी गणनेत एक वेगळा प्रश्न विचारला गेला होता. तुमच्या शेतावर १९६० पूर्वी बांधलेला बार्न आहे का? साडेसहा लाखांहून जास्त शेतांनी ‘हो’ असं सांगितलं. आकडा मोठा वाटतो, पण त्यातले बरेचसे बार्न वापराविना उभे आहेत. छपराची एक फट दुरुस्त झाली नाही की पाणी आत शिरतं, तुळई कुजते आणि मग एखाद्या वादळात किंवा बर्फाच्या ओझ्यानं अख्खी इमारत बसते.

फोटोची निकड इथून सुरू होते. यातल्या बहुतेक बार्नची दुरुस्ती कुणी करणार नाही. त्यांच्यामागे काय उरेल, तर त्यांचा फोटो.

लाकूड करडं का पडतं?

आता वळू या रंगाकडे. कित्येक जुन्या बार्नना कधी रंगच दिला गेला नव्हता, तर अनेकांचा रंग केव्हाच उडून गेलाय. उघड्या पडलेल्या लाकडाचं पुढे काय होतं, हे समजलं की ब्लॅक अँड व्हाइटचं निम्मं कोडं सुटतं.

लाकडात दोन महत्त्वाचे घटक असतात. एक म्हणजे सेल्युलोजचे तंतू आणि दुसरा म्हणजे त्यांना धरून ठेवणारं लिग्निन. उन्हातल्या अतिनील किरणांनी पृष्ठभागावरचं लिग्निन तुटतं. पाऊस ते धुऊन नेतो. मागे उरतात फिकट तंतू, आणि लाकूड चंदेरी-करडं दिसायला लागतं. दमट हवेत बारीक बुरशीही त्यात काळपट छटा भरते.

झाडाच्या खोडात दरवर्षी एक मऊ आणि एक कठीण थर तयार होतो. फळीतला मऊ भाग आधी झिजतो आणि कठीण भाग उभा राहतो. त्यामुळे जुन्या फळीवर बोट फिरवलं तर उंचवटे आणि खाचा हाताला लागतात. पाइनसारख्या लाकडाचा पृष्ठभाग शंभर वर्षांत साधारण ६ मिलिमीटर झिजतो. सव्वाशे वर्षांच्या बार्नची फळी म्हणजे ऊन, वारा आणि पावसानं केलेलं कोरीवकामच.

अशा भिंतीत रंग जवळपास नसतोच. असतात त्या फक्त करड्याच्या असंख्य छटा. पण रंगीत फोटोत वरचं निळंभोर आकाश आणि खालचं हिरवंगार गवत लक्ष खेचून घेतं आणि भिंत मागे पडते. रंग काढून टाकला की आकाश, गवत आणि लाकूड एकाच भाषेत बोलायला लागतात. मग डोळ्यांना फळीच्या रेषा दिसतात, खिळ्याखाली ओघळलेला गंज दिसतो, दोन फळ्यांमधली फट दिसते.

यात उजेड कुठून येतो याला फार महत्त्व आहे. भर दुपारी समोरून ऊन पडलं तर भिंत सपाट दिसते. तेच ऊन सकाळी किंवा संध्याकाळी भिंतीला घासून आलं, तर प्रत्येक उंचवट्याची बारीक सावली पडते आणि लाकडाचा पोत उठून येतो. ढगाळ दिवसही वाया जात नाही. अशा वेळी सावल्या सौम्य असतात, त्यामुळे इमारतीचा पूर्ण आकार नीट कळतो.

मग लाल बार्नचं काय?

अमेरिकन बार्न म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांसमोर लाल रंग येतो. एकोणिसाव्या शतकात जवसाच्या तेलात लोहाची लाल भुकटी कालवून हा रंग घरच्या घरी बनवता यायचा. तो स्वस्त होता आणि लाकूड टिकायलाही मदत व्हायची.

हा लाल रंग ब्लॅक अँड व्हाइटमध्ये कसा दिसेल? याचं ठरलेलं उत्तर नाही. तो काळा, करडा किंवा जवळपास पांढराही दिसू शकतो.

सुरुवातीच्या फोटो-काचा आणि फिल्मना लाल प्रकाश दिसतच नव्हता. त्यामुळे जुन्या फोटोंत लाल गोष्टी काळ्याकुट्ट दिसतात. सगळे रंग ओळखणाऱ्या पॅनक्रोमॅटिक काचा १९०६ मध्ये बाजारात आल्या आणि हे चित्र बदललं.

पुढचं काम फिल्टरनं केलं. लेन्ससमोर लाल काच लावली की ती लाल प्रकाश आत सोडते आणि निळा अडवते. परिणामी लाल बार्न उजळतो आणि निळं आकाश गडद होतं. हिरवी काच लावली तर उलट घडतं. बार्न काळपट होतो आणि गवत उजळतं. प्रसिद्ध फोटोग्राफर अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांनी १९२७ मध्ये योसेमिटीतल्या हाफ डोम कड्याचा फोटो काढला, तेव्हा गडद लाल फिल्टर वापरून आकाश जवळपास काळं केलं होतं. तीच युक्ती आजही बार्नच्या मागे साधं निळं आकाश असेल तेव्हा वापरली जाते.

आता हे काम मोबाइलवर होतं. पण इथे एक चूक हमखास होते. अनेक जण फोटो काढतानाच ‘मोनो’ मोड लावतात. अशा वेळी अनेक कॅमेऱ्यांत रंगांची माहिती कायमची निघून जाऊ शकते आणि मग लाल भिंत किती उजळ ठेवायची हे नंतर ठरवता येत नाही. त्यापेक्षा फोटो रंगीत काढा, शक्य असेल तर रॉ फॉरमॅटमध्ये. मग एडिटिंग अ‍ॅपमध्ये ब्लॅक अँड व्हाइट करा आणि लाल, हिरव्या, निळ्या रंगांचे स्लायडर वेगवेगळे हलवून बघा. एकाच फोटोतून तीन वेगळे बार्न तयार होतील.

कॅमेरा फसतो कुठे?

बार्नचा फोटो दिसायला सोपा असतो, काढायला अवघड. उन्हातली भिंत लख्ख आणि उघड्या दारातून दिसणारा आतला भाग काळाभोर. एका फोटोत दोन्ही कसं येणार?

याच अडचणीसाठी अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या सुमारास ‘झोन सिस्टिम’ तयार केली. तिची कल्पना सोपी आहे. पूर्ण काळ्यापासून पूर्ण पांढऱ्यापर्यंत शून्य ते दहा अशा ११ पायऱ्या मानायच्या. पाचवी पायरी मधल्या करड्याची. तिसऱ्या पायरीवर अंधार असतो, पण त्यातली वस्तू ओळखू येते. सातव्या पायरीवर उजेड असतो, पण पोत शाबूत राहतो. फोटो काढण्याआधीच फोटोग्राफर ठरवतो, की दाराआडचा अंधार कुठल्या पायरीवर हवा आणि उन्हातली फळी कुठल्या.

कॅमेऱ्याला मात्र हे कळत नाही. समोर काहीही असलं तरी तो ते मधल्या करड्यात बसवू पाहतो. म्हणून बर्फातल्या बार्नचा फोटो काढला की पांढराशुभ्र बर्फ मळकट दिसतो. अशा वेळी एक्स्पोजर एक ते दोन स्टॉपनी वाढवावं लागतं. मोबाइलवर स्क्रीनला बोट लावून, बाजूला दिसणारा सूर्याचा आयकॉन वर सरकवला की तेच होतं. उलट, बार्नच्या आत उभं राहून फटींतून येणाऱ्या उन्हाचे पट्टे टिपायचे असतील तर एक्स्पोजर कमी करायचं, नाहीतर ते पट्टे पांढरे डाग होऊन बसतात.

दुसरी फसगत होते ती कोनामुळे. उंच छप्पर फ्रेममध्ये बसावं म्हणून कॅमेरा वर तिरपा केला की भिंती आत झुकतात आणि बार्न मागे पडतोय असं वाटतं. उपाय साधा आहे. मागे जा, कॅमेरा सरळ धरा आणि खालची जास्तीची जमीन नंतर कापून टाका.

एका भिंतीचा फोटो

अख्खी इमारत दाखवलीच पाहिजे असंही नाही. चित्रकार आणि फोटोग्राफर चार्ल्स शीलर यांनी १९१७ च्या सुमारास पेन्सिल्वेनियातल्या बक्स काउंटीमध्ये बार्नचे फोटो काढले. त्यातला एक फोटो आहे फक्त पांढऱ्या बार्नच्या बाजूच्या भिंतीचा. त्यात उभ्या फळ्या आहेत, गिलावा आहे आणि छोट्या खिडक्या आहेत. डोंगर नाही, सूर्यास्त नाही.

त्या काळी फोटोग्राफीला कला मानायचं की नाही यावर वाद चालू होता आणि अनेक फोटोग्राफर फोटो धूसर करून चित्रासारखा दाखवायचा प्रयत्न करत होते. शीलर यांनी भिंत जशी होती तशी, धारदार टिपली. शेतकऱ्यानं गरजेपुरती ठोकलेली फळी आधुनिक चित्राइतकी देखणी असू शकते, हे त्या फोटोतून दिसलं. आज हा फोटो अमेरिकन फोटोग्राफीच्या इतिहासात महत्त्वाचा मानला जातो.

सरकारला आजही फिल्म का लागते?

आता येऊ या त्या सरकारी संग्रहाकडे.

१९३३ साली अमेरिकेत महामंदी होती. बांधकामं थांबली होती आणि वास्तुविशारद घरी बसले होते. नॅशनल पार्क सर्व्हिसमधले चार्ल्स पीटरसन यांनी एक योजना मांडली. या बेकार माणसांना कामाला लावायचं आणि देशभरातल्या जुन्या इमारतींची मोजमापं, आराखडे आणि फोटो जमवायचे. त्यातून ‘हिस्टॉरिक अमेरिकन बिल्डिंग्ज सर्व्हे’ हा उपक्रम उभा राहिला. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘हॅब्स’ म्हणतात.

पीटरसन यांचा आग्रह होता की नोंद फक्त राजवाड्यांची आणि चर्चची नको, साध्या माणसांच्या इमारतींचीही हवी. त्यामुळे या संग्रहात हवेल्यांच्या शेजारी बार्नही आले. हॅब्स आणि नंतर सुरू झालेले त्याचे दोन जोडउपक्रम मिळून आज ४० हजारांहून जास्त जागांची नोंद झाली आहे. ती लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये ठेवली जाते आणि घरबसल्या ऑनलाइन पाहता येते.

या संग्रहात जाणाऱ्या फोटोंसाठी नियम कडक आहेत. मोठ्या आकाराची, किमान ४ बाय ५ इंचांची ब्लॅक अँड व्हाइट फिल्म लागते. इमारतीच्या भिंती फोटोत सरळ दिसल्या पाहिजेत. फोटोत मोजपट्टी ठेवली जाते, म्हणजे पुढे कुणालाही त्यावरून मापं काढता येतील. आणि ही नोंद ५०० वर्षं टिकावी अशी अपेक्षा असते.

इथे ब्लॅक अँड व्हाइटचा संबंध आवडीनिवडीशी उरत नाही. रंगीत फिल्ममधलं चित्र रासायनिक रंगांचं असतं आणि ते रंग काळानुसार फिके पडतात. घरातल्या जुन्या अल्बममधले रंगीत फोटो तांबूस-पिवळे झालेले अनेकांनी पाहिले असतील. ब्लॅक अँड व्हाइट फिल्ममधलं चित्र मात्र चांदीच्या सूक्ष्म कणांचं असतं. नीट धुतलेली आणि थंड, कोरड्या जागी ठेवलेली अशी फिल्म पिढ्यान् पिढ्या टिकते.

डिजिटल फाइल का चालत नाही? फाइल फिकी पडत नाही, पण ती उघडणारं यंत्र आणि सॉफ्टवेअर बदलत राहतं. वीस वर्षांपूर्वीच्या फ्लॉपीतला फोटो आज उघडून बघा. निगेटिव्ह मात्र खिडकीसमोर धरली तरी दिसते.

२०१५ च्या अखेरीस नॅशनल पार्क सर्व्हिसनं याच कामासाठी फोटोग्राफर हवा अशी जाहिरात दिली. पगार वर्षाला जास्तीत जास्त सुमारे १ लाख डॉलर आणि काम मोठ्या फिल्म कॅमेऱ्यावर ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढण्याचं. ‘सरकारला नवा अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स हवाय’ अशा मथळ्यांनी ही जाहिरात सोशल मीडियावर व्हायरल झाली. पुढच्या वर्षी जेरोब ऑर्टिझ यांची त्या जागी निवड झाली.

बार्न जळाला, फोटो राहिले

एवढा खटाटोप कशासाठी, याचं उत्तर न्यूयॉर्क राज्यातल्या माउंट लेबनॉनमध्ये मिळतं. शेकर या धार्मिक पंथाच्या लोकांनी १८५९ मध्ये तिथे एक भव्य दगडी बार्न बांधला. लांबी सुमारे २०० फूट, रुंदी ५० फूट आणि उंची चार मजल्यांची. इमारत डोंगराच्या उतारावर होती. गवताच्या गाड्या थेट वरच्या मजल्यावर जायच्या. तिथून गवत खाली गायींपर्यंत टाकलं जायचं. ओझं वर चढवायची गरजच नव्हती.

१९७२ मध्ये या बार्नला आग लागली. छप्पर, माळे, तुळया, आतलं सगळं लाकूड जळून गेलं. उरल्या त्या दगडी भिंती. त्या भिंती आजही उभ्या आहेत आणि पर्यटक त्या बघायला जातात. पण गवत कुठून यायचं, तुळया कशा जोडल्या होत्या, आत उजेड किती होता हे त्या भिंतींवरून समजत नाही. ते समजतं आगीच्या आधी झालेल्या नोंदींतून आणि ब्लॅक अँड व्हाइट फोटोंतून.

फोटो काढणाऱ्यांपैकी कुणालाही पुढे आग लागणार आहे हे माहीत नव्हतं.

छान फोटो आणि कामाचा फोटो

सोशल मीडियावर ज्या फोटोला लाइक्स मिळतात, तो बहुतेकदा एकाच पद्धतीचा असतो. दूरवर एकटा बार्न, वर काळे ढग आणि भरपूर कॉन्ट्रास्ट. फोटो देखणा असतो, पण त्यावरून इमारतीबद्दल काहीच कळत नाही. गडद सावल्यांत दार-खिडक्या बुडून जातात. असा फोटो जरूर काढावा, मात्र तिथवर गेलाच आहात तर आणखी दहा मिनिटं द्यावीत.

हॅब्सच्या पद्धतीतून साध्या माणसानं उचलण्यासारख्या गोष्टी अशा:

* चारही बाजूंचा एकेक सरळ फोटो. शिवाय दोन बाजू एकत्र दिसतील असा कोपऱ्यावरून एक.
* बार्नच्या आसपास काय आहे, घर किती लांब आहे, रस्ता कुठे आहे हे दाखवणारा एक दूरचा फोटो.
* तुळयांचे जोड, बिजागऱ्या, कड्या, लाकडावर कोरलेली नावं किंवा वर्षं यांचे जवळून काढलेले फोटो. शेजारी मोजपट्टी ठेवा. ती नसेल तर एखादं नाणंही चालेल.
* कॉन्ट्रास्ट बेतानं वाढवा. सावलीतला तपशील दिसत राहिला पाहिजे.
* तारीख, ठिकाण आणि कॅमेऱ्याची दिशा लिहून ठेवा. मालक भेटला तर बार्न कुणी बांधला, आत काय असायचं हे विचारा. वर्णनाशिवायचा फोटो काही वर्षांनी ‘एक जुना बार्न’ एवढाच उरतो.
* मूळ रंगीत फाइल पुसू नका. बार्नचा रंग कोणता होता हीसुद्धा नोंदच आहे.
* निवडक फोटोंचे चांगल्या कागदावर प्रिंट काढा. एक संच मालकाला द्या, एक तिथल्या स्थानिक इतिहास संस्थेला.

पडका बार्न कुणाचा तरी असतो

रस्त्यावरून दिसणारा बार्न रिकामा असला तरी बेवारस नसतो. अमेरिकेत खासगी जमिनीवर न विचारता शिरणं हा गुन्हा ठरू शकतो. घराचं दार वाजवून परवानगी मागणं हाच योग्य मार्ग. आत जातानाही जपून जावं लागतं. माळ्याच्या फळ्या वरून धडधाकट दिसतात, पण खालून कुजलेल्या असतात.

दुसरी गोष्ट लोकेशनची. जुन्या बार्नच्या करड्या फळ्यांना आता बाजारभाव आहे. हॉटेलं, कॅफे आणि बंगल्यांच्या भिंतींवर त्या लावल्या जातात. काही मालक स्वतःहून बार्न मोडून लाकूड विकतात. पण काही ठिकाणी फळ्या चोरीला गेल्याच्या तक्रारीही आल्या आहेत. त्यामुळे एकाकी बार्नचा फोटो टाकताना नेमकं लोकेशन जोडू नये.

आणि एक प्रश्न नजरेचा. पडझड फोटोत छान दिसते. पण १९८० च्या दशकात अमेरिकेत शेतीवर मोठं कर्जसंकट आलं आणि अनेक कुटुंबांना शेत सोडावं लागलं. पाहुण्याला जे ‘सुंदर अवशेष’ वाटतात, ते एखाद्या घरासाठी तुटलेलं आयुष्य असू शकतं. बार्न वाचवायचे प्रयत्नही झालेत. ‘नॅशनल ट्रस्ट फॉर हिस्टॉरिक प्रिझर्व्हेशन’ या संस्थेनं १९८७ मध्ये एका शेतीविषयक मासिकासोबत ‘बार्न अगेन!’ नावाची मोहीम सुरू केली. जुना बार्न न पाडता आजच्या शेतीसाठी कसा वापरता येईल, हे शेतकऱ्यांना दाखवणं हा तिचा हेतू होता. अशा दुरुस्तीत जुने फोटो कामी येतात, कारण मूळ दार कुठे होतं आणि छप्पर कसं होतं हे त्यांतूनच कळतं.

आपण बार्न बघतो की फोटो?

डॉन डेलिलो यांच्या १९८५ च्या ‘व्हाइट नॉइज’ या कादंबरीत एक प्रसंग आहे. दोन प्राध्यापक अमेरिकेतला सगळ्यात जास्त फोटो काढला गेलेला बार्न बघायला जातात. तिथे कॅमेरे घेतलेली गर्दी असते, पोस्टकार्ड विकणारा माणूस असतो. आणि त्यांच्यापैकी एकाच्या लक्षात येतं, की बार्नकडे कुणाचंच लक्ष नाहीये. इन्स्टाग्राम यायच्या पंचवीस वर्षं आधी लिहिलेला हा प्रसंग आजच्या मॉर्मन रोवर तंतोतंत लागू पडतो.

मोल्टन बार्नचे हजारो फोटो आहेत आणि तो नॅशनल पार्कमध्ये आहे. त्याची काळजी घेणारे लोक आहेत. ज्यांच्यामागे टीटनची शिखरं नाहीत, जे कुठल्या यादीत नाहीत, असे बार्न ओहायोच्या किंवा आयोवाच्या एखाद्या आडरस्त्यावर उभे आहेत. त्यांच्यासमोर पहाटे कुणी ट्रायपॉड लावत नाही. तिथे थांबून, परवानगी घेऊन, चारही बाजूंनी नीट काढलेला एक साधा ब्लॅक अँड व्हाइट फोटो कदाचित व्हायरल होणार नाही. पण तो बार्न कोसळल्यावर, तो कसा होता हे सांगणारी तेवढी एकच गोष्ट उरलेली असू शकते.